आतून काय दिसत होतं

“मला कपाटात कोंडलं तेव्हा मी सात वर्षांची होते, पूर्णविराम,” धाकटीने वाचलं आणि ती थांबली.

“पुढे,” थोरली म्हणाली. हस्तलिखितावरून तिने मान वर केली नाही.

बहिणींची प्रुफं तपासायची पद्धत चाळीस वर्षांत बदलली नव्हती. धाकटीने छापील पान मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि थोरलीने हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकायचं. थोरलीची मुलांसाठीची छत्तीस पुस्तकं अशीच तपासून झाली होती. हे सदतिसावं, तिचं आत्मचरित्र. चार वाजता प्रकाशकाचा माणूस प्रुफं न्यायला येणार होता आणि साडेतीन कधीच होऊन गेले होते.

“पुढे नाही. सात वर्षांची मी होते, ताई. तू दहाची होतीस. कपाटात मी होते आणि बाहेरून कडी तू लावली होतीस.”

“आलं का तुझं पुन्हा!”

“गोष्टीच्या पुस्तकात ‘मी’ म्हणालीस तेव्हा मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, गोष्ट आहे, चालायचंच. पण हे आत्मचरित्र आहे.”

“त्या गोष्टीच्या एकवीस आवृत्त्या निघाल्या. शाळेशाळेत पोरं मला विचारतात, कपाटात भीती वाटली का? तीस वर्षं मी हो म्हणतेय. आता काय सांगू? मला नाही, माझ्या बहिणीला वाटली?”

“हो. तेच सांग.”

थोरली हसली. तिचं हे हसणं पुरस्कारांच्या फोटोंत कधी आलं नाही. ते घरच्यांसाठी राखून ठेवलेलं होतं.

धाकटीने प्रूफ टेबलावर आपटलं. “माझ्या नातीला शाळेत ती गोष्ट धडा म्हणून आहे. परवा विचारत होती, आजी, मोठी आजी कपाटात होती तेव्हा तू कुठे होतीस? मला काही बोलता येईना. छत्तीस पुस्तकांत तुझ्याकडे काही मागितलं नाही मी. यात एक वाक्य मागते. आत धाकटी होती, एवढंच लिही. कडी कुणी लावली ते नको लिहूस हवं तर.”

शेवटी तिचा आवाज कापला, आणि कापला म्हणून तिला स्वतःचाच संताप आला.

“तुला तुझं आयुष्य लिहिता आलं नाही, त्याला मी काय करू?”

“शिल्लक कुठे ठेवलंस तू?”

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं आणि प्रूफ स्वतःकडे ओढलं. समासात संपादकाने लाल शाईत लिहिलं होतं, ‘आतून काय दिसत होतं? दोन ओळी वाढवाव्यात. पानावर जागा आहे.’ या प्रश्नापाशी लेखिकाबाईंचं घोडं तीन दिवस अडलं होतं. कपाट, कडी, अंधार, सगळं त्यांनी झकास रंगवलं होतं. पण आत काही त्या कधी गेल्या नव्हत्या.

“काय दिसत होतं गं?” थोरलीने विचारलं. आवाज एकदम मऊ झाला, शाळेत मुलांशी बोलताना व्हायचा तसा.

“तू दिसत होतीस!” धाकटी कडाडली. “दाराच्या फटीतून. कपाटासमोरच दोरीवरच्या उड्या मारत होतीस. मी हाका मारत होते आणि तू उड्या मोजत होतीस, मोठमोठ्याने, माझ्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून. एकशे बारापर्यंत मोजल्यास. सगळ्या मला पाठ आहेत.”

ताईची मान खाली गेली होती. लागलं, धाकटीला वाटलं. साठ वर्षांनी का होईना, लागलं एकदाचं.

मग पेन्सिलीची करकर ऐकू आली.

थोरलीने पान तिच्यापुढे सरकवलं. “वाच. काही चुकलंय का बघ.”

चाळीस वर्षांची सवय. कागद पुढे आला की धाकटी वाचायचीच. तिने चष्मा सारखा केला.

“दाराच्या फटीतून धाकटी बहीण दिसत होती, पूर्णविराम. कपाटासमोर ती दोरीवरच्या उड्या मारत होती आणि...”

“आणि?”

“आणि मोठमोठ्याने मोजत होती, स्वल्पविराम, माझ्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून, पूर्णविराम. एकशे बारा उड्या, पूर्णविराम.”

दारावरची बेल वाजली. थोरलीने तिच्या हातातून पान काढून घेतलं, गठ्ठ्यात जागच्या जागी घातलं आणि टेबलावर ठोकून कडा जुळवल्या.

“नातीला सांग,” दाराकडे जाता जाता ती म्हणाली, “अठ्ठेचाळिसाव्या पानावर आहे.”