ओल्या वाळूतली ताई

आजारपणानंतर ताई पहिल्यांदाच बाहेरगावी आली होती. समुद्रकाठच्या त्या गावात आम्ही दोघी बहिणी सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर फिरायचो आणि दुपारी खानावळीतल्या तळलेल्या माशांवर ताव मारायचो. ताईच्या गालांवर पुन्हा रंग चढला होता.

चौथ्या दिवशी पोटभर जेवून आम्ही ओहोटीच्या वाळूवरून निघालो. ओली वाळू आरशासारखी चकाकत होती आणि तिच्यात आमची प्रतिबिंबं पावलाला पाऊल लावून चालत होती.

"जरा थांबू या गं, जेवण अंगावर आलंय," ताई हसत म्हणाली.

आम्ही थांबलो. वाळूतली मीही थांबले.

वाळूतली ताई मात्र मागे वळूनही न बघता पाण्याकडे चालत राहिली.

"किती हलकं वाटतंय गं!" माझ्या शेजारी उभी असलेली ताई म्हणाली.