फोटोतली निळी सायकल

“अठ्ठावन्न!” भिंतीवरच्या फोटोवर बोट ठेवून लंबू म्हणाला. “पैज लावा मिस्त्री, ही फ्रेम अठ्ठावन्न सेंटिमीटरचीच आहे. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही.”

मिस्त्री खिळ्यांवरचे पाने-पकडी उतरवून पेटीत भरत होते. हात थरथरायला लागल्यापासून सायकली बांधणं सुटलं होतं, आणि आता दुकानही आवरायला काढलं होतं. लंबू म्हणजे शर्यतीच्या जुन्या सायकली जमवणारा गृहस्थ. माणूस भला, पण ताडमाड. दारातून वाकून आत यायचा आणि आला की बोलत सुटायचा. ‘लंबू’ हे नाव मिस्त्रीणबाईंनी ठेवलेलं. फोटोतली सायकल आपल्या प्रदर्शनात मांडायची म्हणून तो कित्येक वर्षं मिस्त्रींच्या मागे हात धुऊन लागला होता, आणि मिस्त्री नाही म्हणत आले होते. आज मिस्त्रीणबाईंनीच त्याला बोलावून घेतलं होतं. नवऱ्याला न विचारता.

सायकल होतीच तशी. वरची नळी अगदी आडवी, हँडलखालची उभी नळी ना आखूड ना लांब, चाकं फ्रेमला शोभतील एवढीच. मागे कोरी पांढरी भिंत. बाकी फोटोत काही म्हणजे काही नव्हतं. ना माणूस, ना खुर्ची, ना साधी कुंडी.

“सगळा खेळ मापाचा हो,” लंबू रंगात आला. “चाकं सगळ्यांना सारखीच. मग फ्रेम फार मोठी झाली की फाटक दिसतं. आणि लहान झाली तर विचारूच नका! वरची नळी खालच्या नळीला जाऊन चिकटते, हँडलखाली मान म्हणून राहत नाही, नुसती दोन चाकं डोळ्यांत भरतात. बुटक्या माणसानं हौस कितीही करावी, पण शोभा जाते ती जातेच. खरं की नाही वहिनी?”

मिस्त्रीणबाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे जरा आपटलाच.

“बोला, बोला. जिभेला काय, हाड नसतं,” त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. “आणू का बाहेर?”

“नको.”

“किती दिवस चादरीत गुंडाळून ठेवणार? आपण दोघं पिकली पानं. आपल्यामागं भंगारवाल्यानं नेली तर चालेल?”

“बाहेर काढली की लोक बघतील.”

“बघण्यासाठीच तर नेतोय!” लंबू हसला. आणखी कुणी हसलं नाही.

बाई आत गेल्या. सायकल घेऊन आल्या तेव्हा लंबूची नजर दारात वरच कुठेतरी होती. ती हळूहळू खाली आली. सायकलची सीट त्याच्या गुडघ्याच्या जेमतेम वर होती.

“अरेच्चा! ही तर लहान मुलांची…”

“लहान मुलांची नाही,” मिस्त्री इतक्या मोठ्यानं बोलले की हातातला पाना खाली पडला. “माझ्या लेकीची आहे. चांगली नोकरी करणाऱ्या, चारचौघांना ऐकवणाऱ्या बाईची.”

मग बाईंनीच सांगितलं. पोरीची उंची शाळेत असतानाच थांबली. जंगजंग पछाडलं, डॉक्टर झाले, औषधं झाली, पण ती काही वाढली नाही. अक्कल मात्र सगळ्यांना पुरून उरेल एवढी. सायकल घ्यायला दुकानात गेली की दुकानदार सशांची चित्रं चिकटवलेली पोरांची सायकल पुढे करायचे. एकदा ती तणतणत घरी आली. म्हणाली, “बाबा, मला खेळणं नको. तुमच्या गिऱ्हाइकांना देता तशी सायकल हवी. देखणी.”

मिस्त्रींनी आधी नेहमीच्या चाकांवर लहान फ्रेम बांधली. ती बेडकासारखी दिसली. पोरगी काही बोलली नाही, पण तिचं तोंड बघून मिस्त्रींनी ती दुसऱ्याच दिवशी कापून टाकली. मग गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात केली. चाकं लहान, नळ्या बारीक, हँडल अरुंद. पायडलाचं चक्रसुद्धा त्याच मापात कमी केलं. ती सायकल बघून पोरगी बापाच्या कमरेला मिठी मारून रडली होती. रोज तिच्यावरूनच कामाला जायची. पुढे एका थंडीत छातीचं दुखणं निघालं आणि गेली. त्यानंतर मिस्त्रींनी सायकल चादरीत गुंडाळली ती आजवर.

लंबूचा चेहरा उतरला. काय बोलून बसलो, हे त्याला आता कळलं होतं. तो फरशीवर बसला. बसल्यावर नजर तिच्या उंचीला आली आणि ती पुन्हा फोटोतली सायकल झाली. कितीतरी वेळ तो तिच्याकडे बघत राहिला.

“मिस्त्री, चुकलो,” तो म्हणाला. “हिला मी मधोमध मांडतो. दोन्ही बाजूंना माझ्या मोठ्या सायकली. म्हणजे तुम्ही काय करून ठेवलंय ते लोकांना कळेल.”

मिस्त्रींनी खाली वाकून निळ्या नळीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि सायकल लंबूच्या हातात दिली.

“न्या. पण एकटीच मांडा. शेजारी काही नको.”

“का हो?”

“हा फोटो काढताना फोटोवाला मला म्हणाला, तुम्ही सायकल धरून उभे राहा,” मिस्त्री म्हणाले. “मी पुढे झालो, तर पोरीनं मला मागे ओढलं. म्हणाली, ‘नको ना बाबा. शेजारी कुणी उभं राहिलं, की मगच आम्ही दोघी बुटक्या होतो.’”