न्हाणीघरातलं जंगल

निसर्गाचं छायाचित्रण ही एक तपश्चर्या आहे. चंद्रभान ती सरकारी न्हाणीघरात करत असे.

टेकडी विकास मंडळाचं कार्यालय नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या एका जुन्या बंगल्यात होतं. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा, मोरीवर फळी टाकून ठेवलेला, निगेटिव्ह मोठी करून छापायचा एन्लार्जर. झाली डार्करूम. आतून कडी लावली की चंद्रभान आणि जंगल, दोघंच.

आज तिसरे वामनराव होते, मंडळाचे अधिकारी. त्यांनी ओला फोटो चिमट्यात धरून लाल उजेडात तिरका केला.

"झाडांची सावली डावीकडे, टेकडीची उजवीकडे. मंडळाला दोन सूर्य मंजूर नाहीत, चंद्रभान."

"झाडं सेमिनरी हिल्सची आहेत साहेब. सकाळी काढली. टेकडी संध्याकाळची आहे."

"मग झाडं उलटी छाप ना गा."

चंद्रभानने निगेटिव्ह उलटी घातली. सूर्य एक झाला.

हे सुरू झालं ते पंच्याहत्तर सालच्या वृक्षारोपणापासून. वाडीच्या पलीकडे, अमरावती रोडला बोडखी टेकडी आहे. नाव लोकांनी विचार करूनच ठेवलेलं. तिथे पाहुण्यांच्या हस्ते रोपं लागली. चंद्रभानने पोटावर झोपून, क्षितिज अगदी तळाशी ठेवून, पिवळा फिल्टर लावून फोटो काढला. वीतभर कडुनिंब ढगांना टेकला. मुंबईला, म्हणजे मंत्रालयाला, फोटो फार आवडला. पुढच्या वर्षी मुंबईने त्याच झाडांची वाढ बघायला मागितली.

चंद्रभान गेला तेव्हा टेकडीवर शेळ्या होत्या आणि रोपं शेळ्यांच्या पोटात होती.

वामनरावांनी तो शेळ्यांचा फोटो फाडला. "तिकडे पुन्हा फिरकू नको. कोणी विचारलं, कायचा फोटो काढून राहिला, तर काय सांगशील? जे करायचं ते इथेच कर."

मग चंद्रभानची कला बहरली. जुन्या निगेटिव्हमधली टेकडी, सेमिनरी हिल्सची झाडं, रामटेकचे ढग. पुठ्ठ्याची सावली धरून तो पायथ्याचं गवत उजळायचा, माथ्यावर जास्त उजेड देऊन झाडी दाट करायचा. जोड कुठे आहे, ते त्याचं त्यालाच शोधावं लागे. दर ऑगस्टमध्ये जंगल हातभर वाढे. एवढं जंगल उघडं ठेवणं बरं नव्हे, म्हणून मुंबईने तारेचं कुंपण आणि रुपराव नावाचा चौकीदारही मंजूर केला. चंद्रभानला त्याची कीव आली. काहीच नसलेल्या जागेची राखण म्हणजे आपल्याहून वाईट नोकरी.

कार्यालयातून टेकडीवर कोणी जात नसे. टेकडीच दरवर्षी टपालाने मुंबईला जाई.

चंद्रभानने बदली मागितली.

"तू गेला तर जंगल वाढवीन कोण?" वामनराव म्हणाले. "आणि प्रत्येक फोटोमागे सही तुझी आहे. उघडकीला आलं तर मी निवृत्त होईन. तू आत जाशील." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माहिती होती.

घरी बायको शामला म्हणाली, "लोक जंगलात जातेत तर अंगाले मातीचा वास येते. तुमच्या अंगाले औषधाचा येते. खरं सांगून मोकळे काहून नाही होत?"

"कोणाले सांगू वं? ज्याले सांगाचं, त्याच्याच भिंतीवर माह्या जंगलाचं क्यालेंडर लागलं आहे."

अखेर ब्याऐंशीच्या हिवाळी अधिवेशनाला नागपुरात आलेल्या मंत्र्यांनी इच्छा प्रकट केली की हुरडा त्या झाडांखालीच खायचा. ज्वारीची कणसं सांगून झाली. दही, चटणी ठरली. फक्त झाडांचं काय, एवढाच प्रश्न उरला.

वामनरावांनी न्हाणीघराची कडी स्वतः लावली. "चंद्रभान, आता काय गा?"

चंद्रभानने लाल दिव्याकडे पाहिलं. "जाळून टाकू, साहेब."

धुरासाठी शामलाने अंगणात शेगडी पेटवली. मागे काळी घोंगडी धरली. चंद्रभानने धुराचे फोटो घेतले आणि जंगलावर छापले. खोडं कोळशासारखी होईपर्यंत उजेड दिला. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो होता. डिसेंबरात वणवा लागत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मंत्र्यांनी हळहळून हुरडा बंगल्यावरच खाल्ला.

चंद्रभान त्या रात्री शांत झोपला. जंगल संपलं होतं. आता तो कारंज्यांचे, शाळांचे, कसलेही फोटो काढायला मोकळा होता.

पण जळालेलं लाकूड नियमाने लिलावात निघतं. ओमप्रकाश नावाच्या ठेकेदाराने ते न पाहता घेतलं. ही बातमी चंद्रभानला उशिरा कळली, कारण तो डार्करूममध्ये होता. ठेकेदाराला तिथे कोळसादेखील मिळणार नव्हता. तो ओरडणार, चौकशी लागणार, सह्या निघणार. ठेकेदाराला गाठून पाय धरावेत, एवढाच मार्ग होता. चंद्रभानने सायकल काढली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच बोडखी टेकडीचा रस्ता धरला.

सकाळचं तिरकं ऊन पडलं होतं. फोटोला उत्तम.

फाटकाशी खाकी सदऱ्यातला एक माणूस विडी ओढत बसला होता.

"रुपराव का?"

"हव. तुमी कोण?"

"ऑफिसातून आलो. ठेकेदार रागावला का गा?"

"काहून रागावन? खूश आहे." रुपरावने विडी विझवली. "आग कुठं लागली, मले नाही मालूम. कागद आला, फाटक उघडलं. पाच वर्षं एक बकरी घुसू नाही देली साहेब मी आतमंदी."

उतारावरून एक ट्रक कण्हत खाली आला. आत बाभळीचे, पळसाचे ओले ओंडके होते. काहींना पानं होती.

तो शेवटचा ट्रक होता.