परदेशी निघालेला तंबोरा

मिरजेच्या गुलाबसाहेबांनी हातातला तंबोरा पुरा केला आणि सांगून टाकलं, "हा शेवटचा. गिऱ्हाईकच उरलं नाही." पण सून मेहजबीनने त्याचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि रॉटरडॅमच्या एका गायिकेने तो मागितला! तिने पैसे पाठवले, ते मात्र परत गेले. "आज शेवटचं पाठवून बघते," तिने कळवलं. "नाही जमलं, तर दुसरीकडे घेईन."

मेहजबीन धावतच बँकेत गेली.

"ताई, तुम्ही आयएफएससी कोड दिलाय. तो देशातल्या देशात चालतो," काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. "परदेशातून पैसे यायला स्विफ्ट कोड लागतो. आपल्या शाखेला तो नाही, कोल्हापूरच्या शाखेचा द्या. खातं तुमचंच राहील."

एकेक अक्षर पडताळून तिने कोड तिथूनच पाठवला. पुढचे दोन दिवस तिला घास गोड लागेना.

अखेर मोबाइल वाजला. मेसेज वाचत ती कारखान्यात पळाली. "अब्बा, जमा झाले!"

गुलाबसाहेबांनी तो तिच्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग भरल्या डोळ्यांनी ओरडले, "अगं, मग उभी काय राहिलीस? माळ्यावरचा मोठा भोपळा काढ. पुढचा तंबोरा आजच धरू!"