पाचवा फिल्टर

"हाही काळपटच!" म्हणत फोटोग्राफरने चौथा फिल्टर काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक तीस वर्षांपासूनचं, त्यातून दोस्त. सगळा बाजार त्याला मास्तर म्हणायचा. बोलणार काय? पाण्यावरची चकाकी मारणारा फिल्टर दाखवून झाला, आभाळ निळंशार करणारा झाला, वरून गडद खालून साधा तोही झाला. शेवटी लेन्सवर धूळ बसू नये म्हणून लावतात ती नुसती साधी काच दिली. तीसुद्धा म्हणे काळपट!

"मास्तर, नाचता येईना अंगण वाकडं!"

"हस लेका. गेल्या खेपेला कॅलेंडरवाल्यांनी बाराच्या बारा फोटो परत पाठवले. डोंगर पांढरेफटक आलेत म्हणे. अरे, फिल्टर अंधार पाडतो म्हणून मी उजेड वाढवतो! यंदाही परत आले तर काम गेलंच समज. मग काय, पासपोर्टचे फोटो काढत बसू?"

स्टुलावर पिशवी मांडीत घेऊन बसलेली त्याची बायको हसली. "घरातले बल्बही तीनदा बदलून झाले, भावजी. यांच्या मते जगातले झाडून सगळे दुकानदार चोर."

"असं काय? मग वहिनी, आता चोराकडचा खास माल बघाच." दुकानदाराने खालच्या खणातून फिल्टरची एक रिंग काढली, मखमली फडक्याने ऐटीत पुसली आणि हळूच वहिनींना डोळा मारला. त्यांनी हसू आवरायला तोंडावर हात धरला.

बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून मास्तरांनी ती सवयीने कडेकडेने धरली. ते दारात गेले. रस्त्यावर दुपारचं लख्ख ऊन होतं. एक डोळा मिटून त्यांनी रिंग दुसऱ्या डोळ्याला लावली. आता एक सणसणीत शिवी येणार म्हणून दोघंही वाट बघत राहिले.

"त्यातल्या त्यात बरा आहे," मास्तर म्हणाले. "पण कडेनं काळपटच. समोरचा तो बोर्ड निम्मा खातोय बघ."

दुकानदाराचं हसू तिथल्या तिथे विरलं. कुठून ही चेष्टा सुचली, असं त्याला झालं.

बायको उठली. तिने रिंगमधून बोट आरपार घातलं आणि नवऱ्याच्या पापणीला टेकवलं.

"यात काच नाहीच हो," ती म्हणाली.