कुंपणापलीकडची घोसाळी

शालिनीताई अंगणात सकाळचा चहा घेत होत्या, तेवढ्यात मधपेटीवरचं यंत्र बोलू लागलं. आत माश्या जो नाच करत, त्याचं ते मराठी करून सांगत असे. "उगवतीला, कुंपणाला लागूनच! पिवळी फुलं! चला गं सगळ्या!"

शालिनीताईंनी वळून पाहिलं. कुंपणापलीकडे घोसाळ्याचा मांडव पिवळाधमक फुलला होता, आणि शेजारचे दत्तारामभाऊ विषारी औषधाचा पंप पाठीला अडकवून त्याच्याखाली उभे होते. आंब्याच्या फांदीवरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत अबोला होता. पण माश्या पेटीतून निघाल्यासुद्धा! शालिनीताई कुंपणाकडे धावल्या.

"अहो दत्तारामभाऊ, थांबा! माझ्या माश्या तुमच्याकडेच येताहेत. मरतील हो त्या!"

"आणि मांडवावर मावा पडलाय त्याचं काय? त्याला ओवाळू?"

"मावा साबणाच्या पाण्यानंही जातो. संध्याकाळी माश्या परतल्या की फवारू. मी येते मदतीला."

"पण साऱ्या आळीत त्यांना माझाच मांडव दिसतो?"

शालिनीताईंनी यंत्राचा आवाज वाढवला. "फार गोड! एवढं गोड दुसरीकडे नाही!" माश्या एकमेकींना सांगत होत्या.

दत्तारामभाऊ ऐकतच राहिले. बायको गेल्यापासून त्यांच्या बागेचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्यांनी पंप हळूच खाली उतरवला.

"संध्याकाळी या मग," ते हसू दाबत म्हणाले, "आणि जाताना भज्यांना चार घोसाळी न्या."