चाकातली थरथर

रविवारचा दुपारचा चहा संपवून मुकुंदराव नाशिकच्या घरी गॅलरीतल्या छोट्या मशीनपाशी बसले आणि त्यांनी चाक फिरवलं. तिकडे जर्मनीत रेवतीच्या मशीनचं चाकही तेवढंच फिरलं. दोन्ही मशीन इंटरनेटनं जोडलेली होती आणि त्यांच्या मोटरी चालवणारे ड्राइव्ह बापलेकींनी मिळून बनवले होते. इकडच्या हाताचा जोर तिकडच्या हाताला जाणवायचा. त्यांचा कोड जगाला खुला होता. कोणीही सुधारावा, फक्त केलेला बदल सगळ्यांसमोर मांडावा, एवढाच नियम. त्या नियमानं मुकुंदरावांनीही मागे एक बदल मांडला होता: चाकाची बारीक थरथर पलीकडे जाऊ नये. कारण दिलं होतं, जुनं बेअरिंग.

"बाबा, तुमचा तो बदल मी आज काढून टाकलाय," स्पीकरवरून रेवती म्हणाली.

"अगं, बेअरिंग खराब आहे इकडचं."

"बेअरिंग चाक फिरताना थरथरतं, बाबा. हे तर चाक थांबलेलं असतानाही थरथरतंय."

मुकुंदराव हात काढून घेणार, तोच चाक जड झालं. तिकडून तिनं ते घट्ट धरलं होतं.

"राहू द्या हात."

हळूहळू त्यांचा हात स्थिरावला. मग चाक पुन्हा थरथरू लागलं. ही थरथर तिकडची, रेवतीच्या हाताची होती.

मुकुंदरावांनी दुसरा हातही चाकावर ठेवला.